रघुवीरचा पाच, दगडूचा अकरा

दगडू घाडीगावकरने महापालिकेच्या पाणी खात्यात चौतीस वर्षं चावी फिरवली. ही चावी खिशात मावणारी नव्हे. पुरुषभर उंचीची लोखंडी दांडी, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण काढायचं, दांडी खाली सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायची. लहान लाइनीला चाळीस फेरे, मोठीला दोनशे. उघडताना दोनशे, बंद करताना दोनशे. परळ, भोईवाडा, नायगाव इथल्या नळांना पाणी यायचं ते अशा फेऱ्यांनी. घरात नळ सोडणाऱ्याला त्याचा पत्ता नसायचा. दगडूला प्रत्येक फेरा ठाऊक होता.

त्याच्याच टोळीत रघुवीर तावडे होता. दोघं एकाच महिन्यात कामाला लागले. भोईवाड्यातल्या एकाच चाळीत राहिले. रघुवीर पहिल्या मजल्यावर, दगडू दुसऱ्या. दोन वर्षांत रघुवीर मुकादम झाला. अक्षर चांगलं होतं आणि जीभ अक्षराहून चांगली होती. तेव्हापासून दगडू फिरवायचा आणि रघुवीर काठावर उभा राहून मोजायचा. "एकतीस... बत्तीस... दगडू, थांबू नको रे, साहेब येतोय." मोजणारा साहेबाच्या नजरेत, फिरवणारा खड्ड्यात. निवृत्तीच्या दिवशी भाषणात साहेब म्हणाले, "तावड्यांच्या टोळीने कधी पाणी उशिरा सोडलं नाही." दगडूने तेव्हा हातातला नारळ इतका घट्ट धरला की शेंडी उपटून हातात आली.

त्याला आता आठ वर्षं झाली होती. दगडू सहासष्ट वर्षांचा. दारू नाही, तंबाखू नाही. सकाळी भोईवाड्यातून चालत शिवाजी पार्कला जायचा, तीन फेऱ्या मारायचा, बसने परत यायचा. रघुवीर भाजी आणायलासुद्धा उतरत नसे. पोट पुढे सुटलेलं. पहिल्या पगारापासून शनिवारची बाटली ठरलेली. शनिवारी खालच्या मजल्यावरून हसण्याचे आवाज वर येत आणि दगडू मीराबाईला म्हणे, "हसू दे. शरीर हिशेब ठेवतं. शरीराला गोड बोलून फसवता येत नाही."

त्या हिशेबाची तो वाट बघत होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं; मीराबाईला न सांगता कळलं होतं.

फेब्रुवारीत मंडळाच्या सभागृहाबाहेर फलक लागला. लिव्हर तपासणी शिबिर. सुई नाही, कापाकापी नाही, दहा मिनिटांत निकाल. तपासणीआधी तीन तास काही खाऊ नये.

रघुवीरने जिन्यातच गाठलं. "दगड्या, नाव टाकलंय तुझा. माझा नंबर चौदा, तुझा एक्केचाळीस."

"माझं कशाला? मी पीत नाय."

"अरे मेल्या, पिणाऱ्यांकच काय लिव्हर असता?"

दगडूने मान हलवली. जायचं त्याने तेव्हाच ठरवलं. स्वतःच्या लिव्हरची त्याला काळजी नव्हती. रघुवीरचा कागद बघायचा होता. या मशीनपुढे अक्षर चालणार नव्हतं आणि जीभही.

त्याच रविवारी रघुवीरकडे सत्यनारायण होता. नात श्रेया बँकेत लागली, त्याचा नवस. भटजींना त्या दिवशी चार घरं, म्हणून पूजा अकराला. रघुवीर आणि त्याची बायको जाईबाई पूजेला बसणार, म्हणजे दोघं पहाटेपासून उपाशी. रघुवीर तसाच, चहासुद्धा न घेता, नवाच्या सुमारास शिबिरात जाऊन आला. परत आला तो जिन्यातूनच ओरडत.

"पाच पूर्णांक दोन! डॉक्टरीण म्हणाली, लिव्हर मऊ आसा. चरबी थोडी, पण वण नाय. पास!"

गॅलरीत लोक जमले. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, "मुकादम, तुमच्या लिव्हरचा पुतळा उभारा." दगडू वरच्या कठड्याला टेकून उभा होता. बत्तीस वर्षं काठावर उभा, त्यानंतर आठ वर्षं खुर्चीत बसलेला, दर शनिवारी बाटली, आणि पाच. मग त्याने मनात गणित मांडलं. याचा पाच, तर माझा तीन असला पाहिजे. साडेतीनच्या वर जाणार नाही. तेव्हा कुठे तो कठड्यापासून हलला.

बाराला आरती झाली. प्रसाद आला. जाईबाईचा शिरा म्हणजे तूप बोटांवरून मनगटाकडे ओघळणार. केळी, बेदाणे, सव्वाच्या मापातलं सगळं. दगडूने द्रोण संपवला. मीराबाईला साखरेचा त्रास, तिने बोटभर तोंडात घातला आणि द्रोण त्याच्याकडे सरकवला. प्रसाद टाकायचा नसतो. प्रसाद सोडून गेलेल्याची नाव बुडाली, हे भटजींनी नुकतंच वाचलं होतं. दगडूने तोही संपवला. जाईबाई पातेलं घेऊन फिरत आली. "भाऊजी, जेवणार नाय म्हणता, मग प्रसाद तरी नीट घ्या." तिसरा द्रोण. पंगतीची पानं मांडायला लागल्यावर मात्र दगडू उठला. "माझी तपासणी आहे. उपाशी जायचंय."

सभागृहात पडद्यामागे खाट होती. मनवा नावाची पंचविशीची मुलगी मशीनवर होती.

"आजोबा, सकाळपासून काही खाल्लंत?"

"काही नाही."

हे त्याने खोटं सांगितलं नाही. प्रसाद म्हणजे खाणं, असं त्याच्या सात पिढ्यांत कुणी म्हटलं नव्हतं.

मनवाने त्याला उताणं झोपवलं, उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावला. बरगड्यांच्या फटीत थंड जेल लावून एक जाड पेनासारखी वस्तू टेकवली. टक्. आतून कुणी टिचकी मारल्यासारखं. पुन्हा टक्.

"हे काय करतं?"

"ठोका देतं. ठोक्याची लाट आत जाते. लिव्हर मऊ असेल तर लाट हळू जाते, कडक असेल तर जोरात पळते. मशीन तिचा वेग मोजतं. असे दहा ठोके."

"आम्ही पाइपावर सळई टेकवायचो," दगडू म्हणाला. "दुसरं टोक कानाला. गळती कुठे आहे ते ऐकून सांगायचं. मग तेवढंच खोदायचं. उगाच सगळा रस्ता उकरायचा नाही."

"मग तुम्ही आमच्याच लाइनीतले, आजोबा."

दगडूला बरं वाटलं. पाणी खात्यात त्याच्यासारखा कान कुणाचा नव्हता. तो मनात ठोके मोजत राहिला. दहा झाले. मनवाने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि कागद बाहेर डॉक्टरांकडे दिला.

डॉक्टर अनुजा नवलकर गिरगावातल्या. बोलणं स्वच्छ, घाई नाही. "घाडीगावकर, कडकपणाचा आकडा अकरा पूर्णांक सहा आलाय. सातच्या आत असावा. चरबीचा आकडाही मोठा आहे, तीनशे दोन. लिव्हरमध्ये चरबी साठली आहे, आणि तिच्यामुळे आत वण पडलेत असं दिसतं. बरेच."

"मी पीत नाही."

"न पिणाऱ्यांनाही होतं. हल्ली त्यांनाच जास्त बघते."

"मशीन बिघडलं असेल. सकाळी रघुवीर तावडेचा पाच आला."

"दुसऱ्याचं मी तुमच्याशी बोलणार नाही. तुमचं बोलू. बुधवारी परळच्या रुग्णालयात ओपीडीत या, घरच्यांना घेऊन या. रक्त तपासू. गरज पडली तर सुई घालून लिव्हरचा लहानसा तुकडा काढून बघावा लागेल."

"आणि नाही आलो तर?"

"वण वाढत गेले तर लिव्हर आकसतं. त्या टोकाला गेलेल्याला मागे आणणं फार कठीण. म्हणून या."

दगडू उठला. कागदाची चार घड्यांची पट्टी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. चाळीत शिरताना पहिल्या मजल्यावर रघुवीर सोवळं सोडून लेंग्यावर बसलेला.

"किती रे?"

"सहा," दगडू म्हणाला.

"बघ! मी सांगलंय मां? दोघय पास! पुढच्या रविवारी जेवण माझ्याकडे. सुरमय आणतंय."

बुधवार आला आणि गेला. दगडू ओपीडीत गेला नाही. परळच्या रुग्णालयात चाळीतलं कुणी ना कुणी असतंच. एकाने पाहिलं की संध्याकाळपर्यंत रघुवीरला कळलं असतं, आणि रघुवीर सोबत यायला निघाला असता. ते नको होतं. दगडूने शिवाजी पार्कच्या फेऱ्या तीनच्या पाच केल्या. चालताना उजव्या बरगडीखाली हात जायचा. दुखत काहीच नव्हतं. न दुखणारी गळती सगळ्यात वाईट, हे त्याला पाइपांवरून ठाऊक होतं. रस्ता वरून कोरडा असतो आणि खालून माती वाहून जात असते.

रविवारी तो रघुवीरकडे जेवायला बसला. पास झालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

जाईबाईने त्याच्यापुढे मोठी पितळी ठेवली. तांदळाच्या तीन भाकऱ्या, सुरमईच्या दोन तुकड्या, आमटी, वर भाताचा डोंगर. "तुमचा हात कामाचा, भाऊजी. तुम्हाला कमी वाढलेलं मला बघवत नाही."

दगडूने सवयीने पहिली भाकरी मोडली आणि सहज रघुवीरच्या ताटाकडे पाहिलं. एक भाकरी. एक तुकडी. भात एक डाव.

"बरं नाय काय तुला?"

"माका काय झाला? माझा असाच."

"पहिल्यापासून," जाईबाई म्हणाली. "उभ्याने काम करणारा माणूस. चिमणीचा घास. बोलणं मात्र गावजेवणाचं."

"आणि शनिवारची बाटली?"

रघुवीर ओशाळं हसला. "खंयची बाटली? सहा वर्षां झाली. प्रेशराच्या गोळयेर डॉक्टरान दम दिलो. ग्लासात सोडो असता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगलंय तर शनिवारचो बसतलो कोण माझ्याबरोबर?"

दगडूने घास ताटात ठेवला. दर शनिवारी वर बसून त्याने ज्या हसण्याचा हिशेब लिहून ठेवला होता, त्यात सोडा होता. तेवढाही आधार या माणसाने काढून घेतला.

मग तो आपलं ताट बघू लागला. तीन भाकऱ्या. चार डाव भात. सकाळी तेवढंच, रात्री तेवढंच. तो चौतीस वर्षं असाच जेवला, कारण पोट भरल्याशिवाय दोनशे फेरे होत नसत. फेरे बंद होऊन आठ वर्षं झाली. ताट मात्र अजून फेऱ्यांचंच होतं. रघुवीरने चावी दोन वर्षांतच सोडली, म्हणून त्याला कधी तशी भूक लागली नाही, म्हणून त्याला काही सोडावं लागलं नाही. दगडूने कष्ट केले आणि कष्टांनी जी भूक लावली तीच आता आत साठत होती. आराम करणारा इथेही जिंकला. इतका राग त्याला मुकादमकीच्या दिवशीही आला नव्हता. त्या रागात त्याने तिन्ही भाकऱ्या संपवल्या.

घरी आला तर मीराबाई खाटेवर बसलेली. मांडीवर घड्या उलगडलेला कागद. धुवायला टाकलेल्या सदऱ्यात मिळाला होता.

"अहो, रघुवीरभाऊजींना सहा सांगितलंत. इथे अकरा आहे."

दगडू चपला काढू लागला.

"बुधवारी बोलावलंय असं मागे लिहिलंय. बुधवार गेला."

"जाईन."

"कधी? भाऊजी मेल्यावर?" ती उठली. "तुम्हाला लिव्हर मोठं की रघुवीर मोठा, ते एकदा ठरवा. मला नवरा हवाय. पास झालेला नको, नापास चालेल."

पुढच्या बुधवारी ती त्याला हाताला धरून घेऊन गेली. खरंच हाताला धरून, भर रस्त्यातून. डॉक्टर नवलकरांनी कागद पाहिला, त्याचा रक्तदाब घेतला, पोट दाबून पाहिलं.

"तपासणीच्या दिवशी उपाशी होतात ना?"

"होतो."

"होते," मीराबाई म्हणाली. "पंगतीतून उठून गेले. प्रसादाशिवाय तोंडात काही नाही."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. "कसला प्रसाद?"

"सत्यनारायणाचा. शिरा."

"किती?"

"एक द्रोण," दगडू म्हणाला.

"तीन," मीराबाई म्हणाली. "एक त्यांचा, एक माझा, एक जाईबाईंच्या आग्रहाचा."

"आणि तपासणी?"

"अर्ध्या तासाने."

"घाडीगावकर, मुलीने विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"प्रसाद खाण्यात धरत नाहीत, डॉक्टर. उपासालाही चालतो."

"देव धरत नसेल. लिव्हर धरतं. पोटात अन्न गेलं की लिव्हरकडे रक्ताचा लोंढा येतो. ते ताणतं, कडक लागतं. आकडा वाढतो."

हे दगडूला लगेच कळलं. बंद लाइनीवर सळई लावली तर एक आवाज. पाणी सोडल्यावर तीच लाइन वेगळी बोलते. भरल्या लाइनीत ऐकून कोरड्या लाइनीचा निकाल द्यायचा नसतो. नवीन पोरांना तोच हे शिकवायचा. आणि पुढचंही त्याच्या ध्यानात आलं. रघुवीर त्या दिवशी पूजेला बसायचा होता, म्हणून कडकडीत उपाशी गेला होता. रघुवीरच्या पूजेने रघुवीरला उपाशी ठेवलं आणि त्याच पूजेने दगडूला तीन द्रोण शिरा घातला.

"म्हणजे माझा चारही असू शकतो," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोठा झाला.

"आकडा ओरडून बदलत नाही. शुक्रवारी सकाळी या. रात्रीचं जेवण आठपर्यंत, मग काही नाही. प्रसादही नाही."

शुक्रवारी तो गेला. भुकेने डोकं हलकं झालं होतं. मशीनवर पुन्हा मनवाच. ठोके सुरू झाले. या वेळी तो बोलला नाही. डोळे मिटून ऐकत राहिला, जसा रस्ता शांत असताना ऐकायचा. ऐकून काही कळणार नव्हतं. तरी त्याने ऐकलं. चार, चार, चार, असं मनात म्हणत.

आठ पूर्णांक तीन.

मीराबाईने देवाचं नाव घेतलं. दगडूचा चेहरा उतरला. चार नाही. सहासुद्धा नाही, सांगितलेलं खोटंही खरं झालं नाही.

"हा मधला टप्पा," डॉक्टर म्हणाल्या. "वण आहेत, पण इथून मागे येता येतं. बुधवारच्या रक्ताचे निकालही त्याच्याशी जुळतात. सुई आत्ता नको. सात-आठ किलो वजन उतरवा. सहा महिन्यांनी पुन्हा याच मशीनवर बघू. चालता किती?"

"शिवाजी पार्कच्या पाच फेऱ्या."

"उत्तम. जेवता किती?"

दगडूने नेमकं सांगितलं. आता त्याने मोजलेलं होतं. "तीन भाकऱ्या, चार डाव भात. दोन्ही वेळेला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काम काय करत होतात?"

"पाणी खात्यात चावी फिरवायचो. दिवसाला हजार फेरे."

"त्या कामाचं जेवण आहे हे. काम संपलंय."

हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते पक्कं झालं.

चाळीत परतले तेव्हा रघुवीर पहिल्या मजल्यावर खुर्ची टाकून बसला होता. मीराबाई वर गेली. दगडू थांबला.

"खंय गेलेलंस सकाळीच?"

"माझा सहा नव्हता. अकरा आला होता. शिरा खाऊन गेलो म्हणून. आज उपाशी केला, आठ आला."

रघुवीरचं हसू गेलं. तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "मग माका खोटा कशाक सांगलंस?"

"तुझा पाच पूर्णांक दोन होता म्हणून."

"माझ्या पाचात तुझा काय गेला, मेल्या?"

दगडूकडे याचं उत्तर होतं. चौतीस वर्षांचं होतं. पण जिन्यात उभं राहून सांगण्याइतकं लहान नव्हतं. तो म्हणाला, "जाईबाईंना सांग, तुझं ताट वर पाठवायला."

"ताट कशाक?"

"माप घ्यायचंय."

दुपारी जाईबाई ताट घेऊन आली. दगडूने आपली पितळी खाटेखाली सरकवली. मीराबाईने रघुवीरच्या ताटात वाढलं. एक भाकरी, पालेभाजी, आमटीची वाटी, एक डाव भात. दहा मिनिटांत संपलं. दगडू रिकाम्या ताटाकडे बघत बसला. भूक तशीच होती, पहिल्या खड्ड्यावर उभं राहिल्यासारखी. दोनशे फेऱ्यांपैकी पाचही झाले नव्हते.

खालून रघुवीरची हाक आली. "दगड्या! किती भाकऱ्ये?"

"एक!"

"बरा! लिवन ठेवतंय! माझ्याकडे वही आसा. सहा महिने रोजचो हिशेब मी ठेवतंय!"

दगडू तसाच उठला. जिना उतरला. रघुवीर खरोखरच वही उघडून बसला होता, पहिल्या पानावर त्याच्या त्या सुंदर अक्षरात तारीख घालत. दगडूने वाकून वही त्याच्या हातातून काढून घेतली. पेनही घेतलं.

"अरे, काय करतंस?"

"फेरे माझे," दगडू म्हणाला. "या वेळी मोजणार पण मीच."

वर येऊन त्याने रघुवीरच्या तारखेखाली आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं. भाकरी एक. भात एक डाव. मग पानाच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही इतक्या बारीक आकड्यात, सहा महिन्यांनी आणायचा आकडा लिहिला. पाच पूर्णांक एक.